छापील पुस्तक, ई-पुस्तक की श्राव्य पुस्तक: गावात राहून वाचणाऱ्यांनी आपली आवड सांगावी

टिपेश्वरकाठ (घाटंजी तालुका, यवतमाळ)

सर्वांना नमस्कार.

माझी सहा एकर शेती आहे, त्यांपैकी दोन एकरांत ओलीत होते, आणि गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी गेली नऊ वर्षे आहे. आमचे वाचनालय ‘ड’ वर्गाचे, म्हणजे शासकीय अनुदानाच्या उतरंडीत सर्वांत खालच्या पायरीवरचे आहे. साधारण नऊशे पुस्तके, दोन लोखंडी कपाटे आणि संध्याकाळी तीन तास उघडी राहणारी एक खोली एवढाच त्याचा पसारा आहे. गावातून शिकून बाहेरगावी नोकरीला लागलेल्या मुलामुलींनी या दिवाळीला वाचनालयाला 40,000 रुपये दिले. ते सर्व छापील पुस्तकांवर खर्चावेत असे ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे आहे, दोन-तीन किंडल, म्हणजे ई-पुस्तके वाचण्याची यंत्रे, घ्यावीत असे तरुणांचे म्हणणे आहे, आणि एका ताईंनी श्राव्य पुस्तकांची वर्गणी भरण्याचे सुचवले तेव्हा ‘ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे’ असे म्हणून तो विषय तिथेच मिटवला गेला. ते मला खटकले, कारण गेल्या तीन वर्षांत मी जेवढी पुस्तके पूर्ण केली त्यांतली निम्म्याहून अधिक मी ऐकलेली आहेत.

ते कसे घडले हे जरा सविस्तर सांगतो. शेतीपंपाला वीज आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते, त्यामुळे हरभऱ्याचे आणि गव्हाचे ओलीत ज्या रात्री करायचे असते त्या रात्री झोप नसतेच. दर तीन-चार तासांनी तुषार संचाचे पाइप एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत सरकवायचे, मोटार बंद पडली की स्टार्टरपर्यंत जाऊन यायचे, आणि उरलेला वेळ रोही व रानडुकरे पिकात शिरू नयेत म्हणून जागत बसायचे. हात ओले आणि गारठलेले असतात. त्या हातांनी वाचनालयाचे पुस्तक धरणे मला योग्य वाटत नाही. शिवाय बॅटरीचा उजेड पानावर धरला की भोवतालचा काळोख डोळ्यांना आणखी दाट वाटतो, आणि टिपेश्वर अभयारण्य जवळ असल्याने आमच्या शिवारात वाघाचा वावर असतो, तेव्हा डोळे पानात गुंतवून बसणे तिथे परवडत नाही. माझे वडील जागलीला ट्रान्झिस्टर नेत असत, कारण माणसाचा आवाज चालू राहिला की जनावर बिचकते असा त्यांचा अनुभव होता. त्याच मचाणाच्या खांबाला मी आता फोन टांगतो आणि त्यावर कादंबरी लावतो. इअरफोन मात्र मी कधीही घालत नाही. रात्री वावरात माणसाचे कान मोकळेच असले पाहिजेत. साधारण तीनशे पानांची कादंबरी वाचून दाखवायला नऊ-दहा तास लागतात, म्हणजे ओलिताच्या दोन रात्रींत ती पूर्ण होते. एरवी तेच पुस्तक मला महिनाभर पुरले असते.

घरी मात्र मला छापील पुस्तकच हवे असते. त्याचे एक कारण असे की आमच्या वाचनालयातील पुस्तकांच्या समासात जुन्या वाचकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत, आणि गाव लहान असल्याने त्यांतल्या कित्येकांचे अक्षर मला ओळखू येते. एखाद्या वाक्याखाली रेघ दिसली की ती कोणी मारली असेल हे मनात येते, आणि तो माणूस आता हयात नसला तर त्या पानावर मी अधिक वेळ थांबतो. फोनवर ई-पुस्तक वाचण्याचा प्रयत्न मी दोनदा केला, परंतु मध्येच निरोप येत राहतात आणि मन पानावर ठरत नाही.

पैसे कशावर खर्चावेत याचा निर्णय मंडळ घेईल. मला आपणा सर्वांकडून वेगळी गोष्ट हवी आहे. आपण स्वतः कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कोणत्या रूपातले पुस्तक हाती घेता, आणि त्याचे कारण काय, हे कृपया मोकळेपणाने लिहावे. शहरातील वाचकांची मते वर्तमानपत्रांत पुष्कळ वाचली आहेत. ज्यांना वीज, रस्ता, नेटवर्क आणि शेतीची कामे सांभाळून वाचावे लागते, त्यांचे अनुभव मला अधिक उपयोगी पडतील.


अंगणवाडीची ताई (आर्वी तालुका, वर्धा)

दादा, नमस्कार. आपल्या बैठकीत ज्या ताईंची सूचना मिटवली गेली, त्यांना माझा निरोप द्यावा की त्यांनी ती पुन्हा मांडावी.

मला छापील पुस्तक प्रिय आहे, पण ते हातात घेऊन दिवसा ओसरीवर बसण्याची सोय आमच्याकडे बाईला नसते. घरातले कोणी रागावते असे नाही. परंतु येणारा-जाणारा ‘आज कामं नाहीत वाटतं’ असे म्हणून जातो, आणि ते एकदा ऐकले की पुढचे पान वाचले जात नाही. तांदूळ निवडताना, भाकरी करताना, अंगणवाडीच्या नोंदवह्या आवरून झाल्यावर घर झाडताना पुस्तक ऐकले तर कोणाला काही म्हणायला जागा उरत नाही. त्यामुळे माझी आवड काय आहे यापेक्षा माझ्या वाट्याला कोणता वेळ येतो यावर माझे वाचन ठरते.

दोन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत एक गोष्ट घडली, ती मला इथे नोंदवाविशी वाटते. सुटीच्या दिवशी मी आमच्याच वावरात इतर बायांसोबत वेचणीला जात होते आणि फोन ओटीत ठेवून एक कादंबरी ऐकत होते. शेजारच्या तासातल्या बाईने आवाज वाढवायला सांगितले, मग तिच्या पलीकडच्या बाईने सांगितले, आणि तीन-चार दिवसांत आम्ही सात जणी एकमेकींच्या जवळचे तास धरून वेचू लागलो. एक प्रकरण संपले की मी फोन बंद करत असे आणि त्यातल्या सुनेने माहेरी परत जावे की नाही यावर दुपारच्या शिदोरीपर्यंत चर्चा चालत असे. त्या सात जणींपैकी दोघींची शाळा चौथीतच सुटलेली आहे, आणि छापील कादंबरी त्यांनी आयुष्यात कधी हातात घेतलेली नाही. पुढे त्यांच्यापैकी एकीने मला विचारले की हे पुस्तक वाचनालयात असते का, आणि असले तर त्यातले माहेरच्या पत्राचे पान मी तिला दाखवीन का. मी ते आणून दाखवले. तिने ते पान बोट फिरवत स्वतः वाचले.

अडचणीही सांगते. घरात चांगला फोन एकच असतो आणि तो बहुधा मुलाच्या अभ्यासाच्या नावाने मुलाकडे असतो. नेटवर्क वावरात मिळत नाही, म्हणून आर्वीला बाजाराला गेले की मी पुस्तक आधीच उतरवून घेते. अनेकांना वाटते की त्याला फार डेटा लागतो, तसे नाही. 64 केबीपीएस दर्जाच्या ध्वनीला तासाला साधारण 29 एमबी लागतात, म्हणजे दहा तासांचे पुस्तक 300 एमबीच्या आत बसते, आणि एवढा डेटा एखादा लहानसा चित्रफितींचा ढीग पाहण्यातही संपतो. स्टोरीटेलने 2017 च्या नोव्हेंबरमध्ये भारतात सेवा सुरू केली तेव्हापासून मराठी पुस्तके तिथे आहेत, आणि आता इतर सेवांवरही मराठी ऐकायला मिळते. वर्गणीचा खर्च मात्र दर महिन्याला येतो, आणि हंगामाच्या तोंडावर घरात बियाण्याचेच पैसे मोजले जात असताना तो टिकवणे कठीण जाते.

कविता मला ऐकवत नाही, ती मी छापीलच वाचते. कवितेत कुठे थांबायचे हे मला माझे ठरवायचे असते.


सेवानिवृत्त शिक्षक (अकोट तालुका, अकोला)

भाऊ, आणि ताई, आपण दोघांनी फार मनापासून लिहिले आहे, त्याबद्दल आभार. माझे मत छापील पुस्तकाच्या बाजूचे आहे, परंतु ‘ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे’ हे विधान मलाही मान्य नाही. माझ्या लहानपणी चातुर्मासात आमच्या वाड्यात पोथी लागत असे. वाचणारा एक आणि ऐकणारे तीस-चाळीस, त्यांत अक्षर न ओळखणारे निम्मे. तरीही कोणत्या अध्यायात कोणती कथा आहे हे त्यांना वाचणाऱ्यापेक्षा अधिक पाठ असे. माझ्या आजीने एकही अक्षर वाचले नव्हते, पण वाचणाऱ्याची ओवी चुकली की ती तिथेच दुरुस्त करत असे. त्या माउलीने पोथी वाचली नव्हती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो आपल्या बोलीशी संबंधित आहे. वऱ्हाडीत आपण ‘ळ’च्या जागी ‘य’ उच्चारतो, ‘ला’च्या जागी ‘ले’ म्हणतो; ‘माह्या डोयाले पानी आलं’ हे वाक्य कागदावर वाचताना मला माझ्या आईचा आवाज ऐकू येतो. तेच वाक्य श्राव्य पुस्तकात ऐकले तेव्हा वाचणाऱ्या कलावंताचा आवाज उत्तम होता, उच्चार स्वच्छ होते, परंतु ते वाक्य त्यांनी शिकून म्हटलेले होते. शब्द सगळे बरोबर होते, फक्त हेल आपला नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, वऱ्हाडी बोलणारे पात्र आले की त्याला थोडे विनोदी करण्याची जी सवय नाटक-मालिकांतून पडली आहे ती इथेही उतरते, आणि लेखकाने गंभीरपणे लिहिलेल्या शेतकऱ्याच्या दुःखावर ऐकणाऱ्याला हसू येईल अशी स्थिती निर्माण होते. पूर्व विदर्भातील झाडीबोलीच्या वाट्याला तर एवढेही येत नाही. जोपर्यंत आपल्या भागातील माणसे आपली पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करत नाहीत, तोपर्यंत वऱ्हाडी लेखन मी छापीलच वाचणार, कारण तिथे हेल माझा मला लावता येतो.

छापील पुस्तकाचे दुसरे कारण असे की ते माझे असते. ई-पुस्तक विकत घेतले तरी बहुतेक ठिकाणी आपल्याला मिळतो तो वाचण्याचा परवाना. 2009 मध्ये अमेरिकेत वाचकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तके विक्रेत्याने त्यांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतली होती. पैसे परत केले गेले आणि पुढे दिलगिरीही व्यक्त झाली, परंतु तसे करता येते हे त्या दिवशी सर्वांना कळले. माझ्याकडचे एक व्याकरणाचे पुस्तक माझ्या शिक्षकांनी मला दिले, मी ते चार विद्यार्थ्यांना दिले, आणि त्यांतल्या एकाची मुलगी सध्या ते वापरते आहे. असा प्रवास ई-पुस्तकाला करता येत नाही.

छापील पुस्तके राखणे सोपे नाही, हेही मी मान्य करतो. पावसाळ्यात भिंतीला लागून ठेवलेल्या एका फळीवरील माझी साठ-सत्तर पुस्तके वाळवीने एका महिन्यात संपवली. तेव्हापासून मी कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवतो, पायांखाली पत्र्याचे डबे ठेवतो, वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे फळ्यांवर ठेवतो, आणि पोळ्यानंतर उघडीप मिळाली की पुस्तके सावलीत वारा लागेल अशी उभी करून ठेवतो. कडक उन्हात ठेवू नयेत, कारण उन्हाने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि बांधणीचा डिंक सुटतो. वाचनालयासाठी पुस्तके मागवणार असाल तर टपाल खात्याची 1 मे 2025 पासून सुरू झालेली ज्ञान पोस्ट ही सेवा विचारून पाहावी. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा, असे तिचे दर जाहीर झाले होते. पाच किलोंत बऱ्यापैकी पुस्तके येतात.

आणखी एक गोष्ट लिहिली नाही तर हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि डाव्याची व्हायची आहे. त्या मधल्या काळात नातीने मला तिच्या टॅबवर अक्षरे मोठी करून दिली, आणि एका पानावर जेमतेम दहा ओळी मावतील एवढ्या मोठ्या अक्षरांत मी एक संपूर्ण आत्मचरित्र वाचले. छापील पुस्तकाची माझी ओढ त्याने कमी झाली नाही, पण त्या चार महिन्यांत माझे वाचन सुटले नाही ते त्या टॅबमुळे.


प्राणहिता (अहेरी, गडचिरोली)

मी आरोग्य विभागात काम करतो आणि माझी पहिली चार वर्षे भामरागडच्या पुढच्या भागात गेली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरचा संपर्क तुटतो. त्या दिवसांत टपाल येत नाही, वीज जाते आणि नेटवर्कही नसते. अशा ठिकाणी किंडलने मला सोबत केली, म्हणून माझी पहिली पसंती ई-पुस्तकाला आहे. जूनमध्ये आत जाण्यापूर्वी मी वीस-पंचवीस पुस्तके भरून घेत असे. त्याच्या पडद्यावरची शाई म्हणजे अतिशय बारीक कुप्यांमधले काळे-पांढरे कण असतात, ते एकदा जागेवर बसले की पान स्थिर ठेवायला वीज लागत नाही, फक्त पान उलटताना लागते. म्हणून एका चार्जिंगवर आठवडेच्या आठवडे निघतात आणि भर उन्हातही अक्षर कागदासारखे दिसते. कागदी पुस्तके त्या दमट हवेत दोन महिन्यांत बुरशी धरत.

असे असूनही, दादा, आपल्या वाचनालयाने या पैशांत किंडल घेऊ नयेत असे मी कळकळीने सांगतो. कारणे माझ्या वापरातूनच आलेली आहेत. पुस्तके यंत्राच्या नव्हे तर एका खात्याच्या नावावर असतात, त्यामुळे मंडळ बदलले आणि पासवर्ड हरवला की संग्रहच हरवला. एका यंत्रावर एका वेळी एकच वाचक वाचू शकतो, आणि तेवढ्याच पैशांत आलेली चाळीस-पन्नास पुस्तके मात्र एकाच वेळी चाळीस-पन्नास घरांत असू शकतात. तिसरे म्हणजे उन्हाळा. अशी यंत्रे साधारण 35 अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावीत असे उत्पादक सांगतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत दुपारी किती तापमान असते हे मी आपल्याला सांगायला नको.

मराठी ई-पुस्तकांची एक तांत्रिक अडचण आहे, ती फारशी कोणी समजावून सांगत नाही, म्हणून थोडे लांबवतो. किंडलवर मराठी पुस्तके 2016 च्या अखेरीस आली. त्याआधी आणि नंतरही मराठी ई-पुस्तक म्हणून जे फिरते त्यातले बरेचसे पीडीएफ असते, आणि पीडीएफ म्हणजे छापील पानाचे चित्र ठरलेल्या आकारात गोठवलेले असते. फोनच्या लहान पडद्यावर ते मोठे केले की प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे ओढत वाचावी लागते. ईपब प्रकारच्या पुस्तकात अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. गुरुजींनी टॅबवर वाचले ते याच प्रकारचे असणार. दुसरी अडचण टंकांची, म्हणजे फॉन्टची आहे. आपल्याकडची पुष्कळ पुस्तके युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला संगणकात ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या टंकांत जुळवलेली आहेत, ज्यांत ‘क’ दिसतो पण संगणकाच्या लेखी तिथे भलतेच रोमन अक्षर असते. अशा मजकुराचे ई-पुस्तक करायचे तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून पुन्हा बारकाईने तपासावा लागतो, आणि तपासणी न केलेल्या पुस्तकांत जोडाक्षरे फुटलेली, रफार उडालेले दिसतात. ‘वर्ष’ या शब्दाचा रफार तिसऱ्यांदा उडालेला दिसला की माझे वाचन तिथे थांबते.

फुकट आणि कायदेशीर काय मिळते हेही पाहावे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, मराठी विश्वकोश पूर्णपणे ऑनलाइन आहे, आणि मराठी विकिस्रोतावर जुने ग्रंथ आहेत. यासाठी वाचनालयाला एक साधा संगणक पुरेल.

एक अवांतर गोष्ट. आपण हातात घेतो त्या वह्या-पुस्तकांचा कितीतरी कागद आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या कारखान्यात, याच जंगलांतल्या बांबूपासून तयार होत आला आहे. ज्या गावांतून तो बांबू गेला त्यांतल्या कित्येक गावांत अजून वाचनालय नाही, हे मला फार लागते.


श्रवणयात्री (दर्यापूर तालुका, अमरावती)

मी वयाच्या बाराव्या वर्षापासून पूर्ण दृष्टिहीन आहे. आज मी संगीत शिकवतो आणि दर आठवड्याला किमान एक पुस्तक वाचतो. मी ‘वाचतो’ असेच म्हणतो.

प्राणहिता यांनी टंकांविषयी जे लिहिले ते माझ्यासाठी सोयीगैरसोयीपुरते नाही, त्याच्यावर माझे दार उघडते किंवा बंद होते. युनिकोड मजकूर असेल तर फोनमधला मराठी आवाज तो मला वाचून दाखवतो. जुन्या टंकातले पुस्तक उघडले तर तोच आवाज अर्थहीन रोमन अक्षरे म्हणू लागतो, आणि नुसते पानांचे चित्र असेल तर तो गप्प राहतो. त्यामुळे ज्या पीडीएफला आपण ‘मिळाले एकदाचे पुस्तक’ म्हणता ते मला मिळालेले नसते.

कलावंताने वाचलेले श्राव्य पुस्तक आणि यंत्राने वाचलेला मजकूर यांत मी कशाला पसंती देतो, असे मला नेहमी विचारले जाते. कथा-कादंबरीला माणसाचा आवाज हवा. वैचारिक लेखन मात्र मी यंत्राकडूनच, जवळजवळ दुप्पट वेगाने ऐकतो, कारण यंत्र स्वतःची भावना त्यात मिसळत नाही आणि लेखकाचा मुद्दा मला थेट मिळतो. ब्रेल मी कमी वाचतो, कारण एका साध्या कादंबरीचे ब्रेलमध्ये कित्येक जाड खंड होतात. तरीही शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ मला बोटांनीच कळले आहेत, कानांनी नव्हे. ज्या मुलांना फक्त ऐकवले जाते त्यांचे लेखन कच्चे राहते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिले आहे, म्हणून ब्रेल सुटू नये असा माझा आग्रह असतो.

आपल्या गावात माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाची माहिती द्यावी. ते ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झाले. दृष्टिदोषामुळे किंवा अन्य अपंगत्वामुळे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना तिथे सभासद होता येते. 2012 च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात अशा वाचकांसाठी पुस्तक सुलभ रूपात आणण्याची मुभा दिलेली आहे, आणि याच विषयावरचा मराकेश करार मान्य करणारा भारत हा जगातील पहिला देश आहे. कायदा झाला आहे. तो गावापर्यंत पोहोचवणारे माणूस वाचनालयातच बसलेले असते.


अभ्यासिका (मेहकर तालुका, बुलढाणा)

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, त्यामुळे थोडक्यात लिहिते. अभ्यासासाठी छापील पुस्तकच. 2018 मध्ये संशोधकांनी 54 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले होते, त्यांत सुमारे 1 लाख 71 हजार वाचकांचा समावेश होता. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा चांगले निघाले, आणि वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला. कथात्मक मजकुरात मात्र असा फरक दिसला नाही. माझा अनुभव तसाच आहे. आमच्या अभ्यासिकेत सगळ्यांच्या फोनमध्ये शेकडो पीडीएफ आहेत, आणि पूर्ण वाचलेले त्यांत एकही नाही. गोष्टीची पुस्तके मी एसटीत ऐकते. मेहकरपर्यंतच्या रस्त्याला छापील अक्षर डोळ्यांत टिकत नाही. माझी विनंती एवढीच की वाचनालयात काहीही आणले तरी रात्री अकरापर्यंत बसता येईल असा इन्व्हर्टर आणि एक दिवा आधी लावावा.


टिपेश्वरकाठ (घाटंजी तालुका, यवतमाळ)

आपणा सर्वांचे आभार. ही सर्व उत्तरे मी छापून घेऊन रविवारच्या बैठकीत वाचून दाखवली. श्रवणयात्री यांचे उत्तर वाचून झाल्यावर ज्यांनी ‘ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे’ हे वाक्य उच्चारले होते तेच काका म्हणाले की त्यांचे शब्द त्यांनी परत घेतले असे इतिवृत्तात लिहावे. तसे लिहिले आहे.

किंडल घेण्याचा विचार सोडला आहे. पैशांपैकी मोठा भाग छापील पुस्तकांना आणि काही भाग इन्व्हर्टरला जाईल. अभ्यासिका यांची मागणी आमच्या गावातील चार मुलींनीही पूर्वी केली होती आणि आम्ही ती दोनदा पुढे ढकलली होती. गुरुजींच्या आक्षेपातून मात्र एक वेगळे काम निघाले आहे. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे उलटली की त्याच्या लेखनावरील हक्क संपतात, आणि हयात लेखकांची परवानगी मागता येते. तेव्हा आपल्या भागातील लेखन आपल्याच माणसांनी वाचून ध्वनिमुद्रित करावे असे ठरले आहे. मेमरी कार्डावर भरून दिले तर ते साध्या की-पॅडच्या फोनवरही वाजते, आणि ओलिताला जाणाऱ्या आमच्यापैकी निम्म्यांकडे तसाच फोन असतो.

पहिले वाचन करायला गावातील एक मावशी तयार झाल्या आहेत. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे, शाळा सातवीपर्यंत झालेली आहे आणि त्यांचा ‘ळ’ अजून पूर्णपणे ‘य’ आहे. अडचण अशी की वाचनालयाची खोली पत्र्याची आहे आणि बाहेर पिठाची गिरणी आहे. प्राणहिता, श्रवणयात्री, आपण दोघांनी कृपया सांगावे: घोंगड्या आणि गोधड्या भिंतींना टांगून आवाज घुमणे थांबेल का, आणि मावशींना एका बैठकीत किती वेळ वाचायला लावणे बरे?